मुक्कामी बाई

नोकरीचा हुकूम आला तेव्हा मी आईबरोबर दौंडला रेल्वेच्या चाळीत राहत होते. वडील गेल्यावर त्यांच्या जागी आई रेल्वेत लागली होती आणि त्या पगारावर तिनं मला डी.एड. केलं होतं. हुकमात शाळेचं गाव होतं आणि पुढे तालुका शिरूर. आईनं तो कागद शेजारच्या दोन घरांत फिरवून आणला, देव्हारा आमच्यात नाही म्हणून रेडिओवर ठेवला आणि म्हणाली, "शिरूर. म्हंजी नदीच्या पलीकडं."

हे तिनं असं म्हटलं, की जणू मी परमुलखात चालले होते. आणि ते काही फार खोटं नव्हतं. दौंड तालुक्यातल्या नदीकाठच्या शेवटच्या गावात उभं राहिलं, की समोर भीमेच्या पलीकडे माझ्या शाळेची कौलं दिसत. पण एसटीनं जायचं तर चौफुला, न्हावरा, मांडवगण फराटा असा वळसा, मध्ये गाडी बदलायची, आणि बदललेली गाडी येईलच असं नाही. सरळ जायचं तर होडी. होडी नावाड्याच्या मर्जीवर, नावाडी त्याच्या बायकोच्या मर्जीवर, आणि पावसाळ्यात दोघंही नदीच्या मर्जीवर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. टीव्हीवर देश एकविसाव्या शतकात निघाल्याचं सांगत होते. त्या गावात फोन एकच होता आणि तोही बहुतेक वेळा मुका.

पहिल्या दिवशी आई सोबत आली. एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी, वातीचा स्टोव्ह आणि आम्ही दोघी होडीतून उतरलो आणि शाळेत गेलो. हेडमास्तर पन्नाशीचे, मवाळ गृहस्थ. हजर करून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "राहणार कुठं, मॅडम?"

"इथंच, गावात."

त्यांनी चष्मा काढला. "गावात? म्हणजे खरोखर?"

शिक्षकानं नोकरीच्या गावी मुक्कामाला राहिलं पाहिजे असा नियम होता आणि हेडमास्तर तो काटेकोर पाळत होते. कुणी साहेब आला की ते सांगत, "मी इथंच असतो." फक्त त्यांची बायको, मुलं, म्हैस आणि अंथरूण शिरूरला होतं, आणि पाच वाजले की त्यांची फटफटी त्या दिशेला जात असे. बाकीचे दोघे गुरुजीही असेच तिथं राहत होते. गावाची मात्र कायमची तक्रार होती, की मास्तर लोक मुक्कामी राहत नाहीत, म्हणून पोरं मागं पडतात. त्यामुळे मुक्कामाला राहू इच्छिणारी बाई आलीय हे कळताच हेडमास्तरांना आनंदच झाला. सगळ्यांच्या वाटचं मी एकटीच राहणार होते.

ते आम्हाला घेऊन आबांकडे गेले. आबा म्हणजे माजी सरपंच. गावात कुणाचं काय करायचं हे अजूनही त्यांच्याच ओसरीवर ठरत असे. नवा सिमेंटचा बंगला, पुढे ट्रॅक्टर, ओसरीवर लाकडी झोपाळा. चहा आला. आबांनी विचारलं, "बाई, आडनाव काय म्हणालात?"

आता आमचं आडनाव असं आहे, की ज्याला जे ऐकायचं असेल ते त्याला त्यात ऐकू येतं. ते मराठ्यांत आहे, धनगरांत आहे, आमच्यात तर आहेच. मी सांगितलं. आबांचा चेहरा उजळला.

"आपलीच की! मूळ गाव कुठलं?"

आईनं करमाळ्याकडचं गाव सांगितलं.

"तिकडं आमचं पाव्हणं हायत!"

"असतील," आई म्हणाली.

आबांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांना जे हवं होतं ते त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. ओसरीच्या बाजूची स्वतंत्र दाराची खोली त्यांनी लगेच उघडून दिली. चुन्यानं रंगवलेली, खिडकीची, आत लोखंडी खाट. "लेकीसारखं ऱ्हावा. भाड्याचं नाव काढायचं न्हाई." गड्यानं ट्रंक आत नेली. आई खोली झाडायला लागली. मग तिनं ट्रंकेतून दोन तसबिरी काढल्या आणि भिंतीवर खिळे होतेच, त्यांना लावल्या. एक बुद्धाची. दुसरी निळ्या कोटातली, चष्म्याची, हातात पुस्तक असलेली, जी आमच्या चाळीत घरटी असते.

आबांची बायको वाटीत साखर घेऊन आली. उंबऱ्याशी थांबली. दोन्ही तसबिरींकडे पाहिलं. "फोटू छान हायत," असं म्हणाली आणि साखरेसकट परत गेली.

थोड्याच वेळात आबा आले. "बाई, जरा घोटाळा झाला. पाव्हणं यायचेत. माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

आईनं विचारलं, "कवा येणार हायत?"

"येतील की. पाव्हण्यांचं काय सांगावं."

"किती दिस ऱ्हातील?"

"ऱ्हातील," आबा म्हणाले. "लांबचं हायत."

मग त्यांनी स्वतः ट्रंकेला हात लावला. गड्याला ओरडले, "सावकाश घे, बाईंचं सामान हाय." सुनेला सांगून आम्हाला पुन्हा चहा पाजला. इतक्या अदबीनं मला आजवर कुणी घराबाहेर काढलेलं नाही.

त्यानंतर हेडमास्तर आम्हाला घेऊन गावभर फिरले. आमच्या आधी बातमी फिरली होती. गाव मोठं सुखवस्तू, उसाचं आणि कांद्याचं. घराघरात रिकाम्या खोल्या दिसत होत्या आणि आम्ही दारात पोचेपर्यंत त्या भरत होत्या. एका घरी खोलीत कांदा टाकायचा होता. कांद्याला हवा लागते, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, शिक्षिकेला कळेल अशा भाषेत. एका घरी लेक बाळंतपणाला येणार होती. दुसऱ्या दिवशी मला कळलं, की त्या घरात एकच लेक आहे आणि ती माझ्या चौथीच्या वर्गात पहिल्या ओळीत बसते. एका ठिकाणी खोलीत साप निघाला होता. "कवा?" असं आईनं विचारल्यावर घरधनी म्हणाला, "अजून सापडला न्हाई." सगळ्यांनी बसायला घोंगडी टाकली, सगळ्यांनी पाणी विचारलं. खोली देत नाही, असं मात्र कुणीच म्हणालं नाही. हेडमास्तर प्रत्येक दारातून बाहेर पडताना म्हणत, "लोक चांगले आहेत हो."

शेवटी आई म्हणाली, "चल आपल्यांत."

गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे आमच्या लोकांची वस्ती होती. तिला राजवाडा म्हणत. हे नाव कुणी दिलं होतं माहीत नाही, पण देणाऱ्याला विनोदाचं अंग असावं. आम्ही पोचलो आणि तिथं मात्र गर्दी जमली. बाई आपली आहे, डी.एड. आहे, सरकारी आहे! दोन घरांत माझ्यावरून भांडण लागलं. एक म्हणाली बाई माझ्याकडं जेवणार, दुसरी म्हणाली तुझ्या घरात चूल धड पेटत नाही. माझ्या पोटात दिवसभराच्या चहाशिवाय काही नव्हतं. मला दोन्ही घरं पसंत होती.

तेवढ्यात आप्पा आले. आप्पा पलटणीतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, ताठ कण्याचे. वस्तीत त्यांचा शब्द चाले. त्यांनी आईच्या तोंडून सगळं ऐकून घेतलं आणि हुकूम सोडला, "बाईंनी हितं ऱ्हायचं न्हाई."

"का हो आप्पा?" आई म्हणाली. "जागा न्हाई का?"

"जागा लई हाय. माझं अर्धं घर मोकळं हाय. पर बाई शाळेची हाय, वस्तीची न्हवं. ती हितं राहिली की त्यांचं काम सोपं झालं. जागा त्यांनीच द्यायला पायजे. गावात द्यायला पायजे. तवर लढायचं!"

"लढा की," आई म्हणाली, "पर पोरगी झोपंल कुठं?"

आप्पांनी याचा विचार केलेला नव्हता. लढाईत तो भाग दुसऱ्या खात्याकडे असावा. पण शब्द दिला गेला होता आणि पलटणीतला माणूस शब्द मागं घेत नाही. दोन्ही बायका हिरमुसल्या. त्यातल्या एकीनं मागून येऊन भाकरी आणि कोरड्यास बांधून दिलं. ट्रंक शाळेत ठेवून आम्ही परत होडीत बसलो.

पाण्यात निम्म्यावर आल्यावर आई हसायला लागली. मला रडायला येत होतं आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती. "तिकडं जातीपायी खोली दिली न्हाई," ती म्हणाली, "आन् हिकडं जातीसाठी दिली न्हाई. शिकलीस तरी ऱ्हायलीस होडीतच."

तो सगळा पावसाळा आणि हिवाळ्याची सुरुवात मी ये-जा केली. नदीला पाणी आलं, की एसटीचा वळसा. एरवी होडी. ट्रंक माझ्या वर्गातच राहिली. तिच्यावर दोन पोरं बसत आणि त्या जागेसाठी भांडणं होत. वर्गाचं आणि माझं पहिले काही दिवस एकमेकांना काही कळत नव्हतं. आमची चाळ रेल्वेची. तेलुगू, हिंदी, मराठी सगळं एका नळावर. माझं मराठी त्या नळाचं. मी "इकडं ये रे" ऐवजी "इधर ये" म्हटलं, की वर्ग खिदळे. मी "पुस्तक आहे का?" विचारलं की पोरं आधी आपसात "हाय का? हाय का?" असं भाषांतर करून घेत आणि मग उत्तर देत. एका मुलीनं घरी सांगितलं, "नव्या बाई हिंदीत बोलत्यात, पर मारत न्हाईत." पालकांना दुसरी गोष्ट जास्त खटकली. दोघं येऊन सांगून गेले, "बाई, हात उचलायला कमी करू नगा. आपलंच पोर समजा." खोलीच्या बाबतीत मात्र मला कुणी आपलं समजायला तयार नव्हतं.

आणि मग ग्रामसभा भरली. शाळेच्या पटांगणात, म्हणून आम्हाला बसावं लागलं. पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं, रस्त्यावरून झालं, आणि मग आबा उठले. "गावाची एक तक्रार हाय. शाळंला नव्या बाई मिळाल्या. बाई चांगल्या हायत. पर मुक्कामी ऱ्हात न्हाईत. पोरांचं नुकसान होतंय."

सभेत माना हलल्या. कांदावाले, बाळंतपणवाले, सापवाले, सगळे हलवत होते. माझ्या शेजारी हेडमास्तर आणि दोन्ही गुरुजी गंभीर चेहऱ्यानं जमिनीकडे बघत होते. वर्षानुवर्षांची तक्रार शेवटी एकदाची योग्य माणसावर आली होती.

मी उठले. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. "मी आजपासून राहते," मी म्हणाले. "माझी ट्रंक वर्गात आहे. स्टोव्ह पण आहे. कुणाच्या घरी नेऊन ठेवू ते सभेनं सांगावं."

पटांगणात जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. मागून, राजवाड्यातली माणसं बसली होती तिथून, आप्पांचा पलटणी आवाज आला, "सांगा की! गावात घरं कमी हायत का?"

आबा हुशार माणूस. उगाच नाही इतकी वर्षं सरपंच राहिले. ते खाकरले आणि म्हणाले, "बाई एकट्या हायत. कुणाच्या घरात ऱ्हाण्यापरीस आपली डेअरी हाय. मागची खोली मोकळी हाय. डेअरी म्हंजी सगळ्या गावाची."

सभेनं टाळ्या वाजवल्या. काय तोडगा होता! डेअरी सहकारी. सगळ्यांची, म्हणजे कुणाच्याच घरची नाही. मी तिथं राहिले तर गावानं जागा दिली असं होत होतं आणि कुणाचा उंबरा लागत नव्हता. आप्पांनाही बोलायला जागा उरली नाही, कारण डेअरी गावात होती, देवळाशेजारी. सहकारानं महाराष्ट्राचं काय केलं याबद्दल पुष्कळ बोललं जातं. माझ्यापुरतं सांगायचं तर त्यानं मला छप्पर दिलं.

खोलीत आधी दुधाच्या बरण्या ठेवत. भिंतींना आंबूस वास होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. पहाटे माझ्या उशाशी पत्र्यापलीकडे कॅनचा खणखणाट सुरू होई. सेक्रेटरी प्रत्येकाच्या दुधाचं फॅट मोठ्यानं ओरडे आणि प्रत्येकजण त्यावरून त्याच्याशी भांडे. आबांच्या म्हशींचं दूध, राजवाड्यातल्या म्हशींचं दूध, सगळं एकाच टाकीत ओतलं जाई आणि त्याबद्दल आजतागायत कुणाची तक्रार नव्हती. आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा हे बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "म्हशीच बऱ्या."

मी तिथं रुळले ते बायकांमुळे. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला बहुतेक त्याच येत. रांगेत उभं राहायचं तर माझ्या खिडकीपाशी उभं राहिलेलं काय वाईट. आधी त्या नुसत्या बघत. मी भात किती टाकते, साडी कशी वाळत घालते, याची चर्चा माझ्यासमोरच होई. मग त्या बोलायला लागल्या. मग खिडकीतून मेथीची जुडी, वांगी, कधी आमटी आत यायला लागली. आत कुणी येत नसे. खिडकी चालत असे. नियम कुणी केला होता माहीत नाही, पण सगळ्यांना पाठ होता.

आत आली ती पहिली आबांची सून. माझ्याच वयाची, नववीत असताना लग्न करून दिलेली. एका संध्याकाळी कॅन बाहेर ठेवून ती सरळ दारातून आली आणि खाटेवर बसली. "बाई, मला धाव्वी करायची हाय. बाहेरून बसता येतं म्हणत्यात. विंग्रजी शिकवाल?"

"घरी विचारलंय का?"

"मामंजींनीच धाडलंय," ती म्हणाली.

मला आश्चर्य वाटलं, पण त्याचं कारण लवकरच कळलं. पुढच्या निवडणुकीत सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव होणार अशी कुणकुण होती. आबांना घरातली, शिकलेली, सही करणारी आणि न बोलणारी बाई हवी होती. सून पहिल्या तीन अटींत बसवता येण्यासारखी होती.

पण डेअरीत सुनेनं रोज येऊन बसणं बरं दिसत नव्हतं, तिथं पुरुषांची ये-जा. म्हणून आबांनी मलाच घरी बोलावलं. आणि बसवलं कुठं, तर त्या ओसरीच्या बाजूच्या खोलीत. पाहुणे अजून आलेले नव्हते. वर्षभर रोज संध्याकाळी मी त्या खाटेवर बसून तिला इंग्रजी आणि गणित शिकवलं. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी तिथं चालत होते. त्यानंतर चालत नव्हते.

सून शिकायला तल्लख होती आणि बोलायला त्याहून. भूमितीला घाबरायची, पण इंग्रजीची वाक्यं भाजी निवडताना म्हणायची, आणि म्हणताना सासूकडे बघून हसायची. सासूला वाटायचं शिव्या देतेय. परीक्षेचं केंद्र शिरूरला होतं. आबा स्वतः तिला जीपमधून घेऊन गेले आणि झाडाखाली पागोट्यासकट बसून राहिले. ती पास झाली. दुसऱ्या श्रेणीत, इंग्रजीत चांगले गुण मिळवून. आबांनी पेढे वाटले. डेअरीत येऊन मला सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई आमच्या घरच्याच हायत."

मग आरक्षण निघालं. जागा बायकांचीच, पण अनुसूचित जातीच्या बाईसाठी. त्या दिवशी डेअरीत फॅटवरून कुणी भांडलं नाही.

आठवड्यात आबा माझ्याकडे आले. या वेळी दाराबाहेर चपला काढून आत आले आणि खाटेवर बसले. पाहुण्यांचा आता काही भरवसा दिसत नाही, तेव्हा मी त्यांच्या खोलीत राहायला यावं, असं म्हणाले. आणि सहज विचारावं तसं विचारलं, "राजवाड्यात आप्पांच्या मनात कोण हाय वो?"

"मला काय माहीत, आबा. मी डेअरीत राहते."

ही गोष्ट कळल्यावर सगळ्यांनी मला सल्ला दिला. आप्पा म्हणाले, "जावा! आत्ताच जावा! जिंकलो आपण!" आई म्हणाली, "पाय ठेवशील तर बघ." हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, विचार करा, पण मला विचारल्याचं सांगू नका." सुनेनं तेवढा सल्ला दिला नाही. तिनं एवढंच सांगितलं, की त्या खोलीत दुपारी पंख्याखालीसुद्धा भाजून निघायला होतं.

मी गेले नाही. यात फार मोठा बाणा वगैरे नव्हता. आप्पांच्या लढाईसाठी एकदा मी जागा सोडून होडीत बसले होते. आईच्या अभिमानासाठी पुन्हा कुठं बसायची माझी तयारी नव्हती. पण डेअरीत माझं दार माझं होतं. कधी आलं, कधी गेलं, कोण आलं, हे विचारणारं कुणी नव्हतं. आणि संध्याकाळी खिडकीपाशी जी मैफल जमायची ती आबांच्या ओसरीवर जमली नसती. आबांना मी सांगितलं, मला इथं सवय झालीय. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. ते उठून आप्पांकडे गेले. त्यांच्या अर्ध्या मोकळ्या घरात, म्हणतात, आबा त्या दिवशी पहिल्यांदा बसले आणि चहाही प्याले.

सरपंच झाली ती माझ्यामागे भाकरी घेऊन धावत आलेली बाई. आबांनी तिच्यामागे उपसरपंच म्हणून आपला पुतण्या बसवला. तो पहिले काही महिने सभा चालवायचा. मग तिला राग आला आणि ती स्वतः चालवायला लागली. चालवायची कशी, हे ती मला खिडकीतून विचारायची, आणि मला माहीत नसल्यामुळे आबांची सून तिला सांगायची. सासऱ्याच्या ओसरीवर तिनं ते सगळं लहानपणाच्या ओव्यांसारखं ऐकून ठेवलं होतं. दोघी रांगेत कॅन घेऊन उभ्या राहत आणि हळू आवाजात टाकीच्या पाण्याचं ठरवत. एकदा आबा तिथून जाताना थांबले, दोघींकडे पाहिलं आणि पुढे गेले.

माझी बदली केंदूरला झाली तेव्हा गावानं निरोप समारंभ केला. शाल, नारळ, आबांचं भाषण. "अशा मुक्कामी ऱ्हाणाऱ्या बाई परत मिळणार न्हाईत," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, आणि मला वाटतं, ते खरे पुसले. हेडमास्तरांचं भाषण लांबलं नाही, पाच वाजत आले होते.

सून पुढं अंगणवाडीत लागली. अजून तिचा फोन येतो. मागच्या वेळी बराच वेळ गुडघ्याबद्दल बोलली, मग लेकीबद्दल. लेक पुण्याला नर्सिंग करतेय, वसतिगृहात जेवण बरं नाही, लोणचं पाठवलंय. मध्येच म्हणाली, "थांबा हं, दूध उतू चाललंय," आणि फोन तसाच ठेवून गेली. मी पलीकडचा चुलीचा, भांड्यांचा आवाज ऐकत बसले.